दुसऱ्या मजल्यावरचा समुपदेशक

१६ सप्टेंबर, शनिवार

आजपासून ही वही. समुपदेशनाच्या कोर्सला नाव घातलं की रोजनिशी ठेवावी लागते. आमच्या त्सोनेवा बाई म्हणाल्या, कुणी तपासणार नाही, स्वतःला ओळखण्यासाठी आहे. माझी आणि माझी ओळख चोपन्न वर्षांची. फार पानं लागणार नाहीत म्हणून छोटीच वही घेतली.

वर्गात बारा जण. मी सांगितलं, सव्वीस वर्षं लोकांना गाडी शिकवतोय. अर्धं रुसे शहर माझ्या शेजारच्या सीटवर बसून रडलेलं आहे. नवरा, सासू, साहेब, सगळं मला तिसऱ्या गिअरमध्ये कळतं. तेव्हा माझ्यापुरता हा फक्त सर्टिफिकेटचा प्रश्न. बाईंनी लगेच काहीतरी लिहून घेतलं. इम्प्रेशन चांगलं पडलं.

संकल्प: रोज लिहिणे. जानेवारीत स्वतःचं सेंटर. तोवर नम्र राहणे.

१७ सप्टेंबर

विशेष काही नाही.

२३ सप्टेंबर, शनिवार

आज तिघातिघांचे गट. एकाने बोलायचं, एकाने ऐकायचं, तिसऱ्याने नुसतं बघून टिपून घ्यायचं. माझ्या गटात रालित्सा, बालवाडीत शिकवते, अठ्ठावीस वर्षांची. आणि मिल्चो, अग्निशमन दलातून निवृत्त. तोंडच उघडत नाही. या क्षेत्रात त्याचं कठीण आहे.

रालित्साने बोलायचं, मी ऐकायचं, वेळ दहा मिनिटं. तिचं घरमालकिणीशी काहीतरी होतं. मिल्चोने घड्याळ लावलं होतं. त्याच्या कागदावर: रालित्सा दोन मिनिटं, ल्युबेन आठ. मी विचारलं, पण तिचा प्रश्न सुटला की नाही? तर रालित्सा म्हणते, तिला घर सोडायचंच नव्हतं, घरमालकीण आजारी आहे म्हणून वाईट वाटत होतं, एवढंच. हे तिने आधी सांगायला हवं होतं.

मिल्चोने हेही लिहिलं होतं की ती बोलायला लागली की माझा उजवा पाय जमीन दाबतो. शिकवायच्या गाडीत माझ्या बाजूलाही ब्रेक असतो, त्याची सवय. याचा समुपदेशनाशी संबंध नाही.

३० सप्टेंबर

कोर्सचं पुस्तक इंग्रजीवरून उतरवलेलं आहे. त्यात लिहिलंय, बोलणाऱ्याला धीर यावा म्हणून अधूनमधून मान वरखाली हलवा. मी निष्ठेने हलवली. रालित्सा बोलता बोलता गप्पच झाली. म्हणाली, मी काहीही सांगितलं तरी तुम्ही "नाही, नाही" म्हणताय. आता आपल्या या देशात मान वरखाली केली की "नाही" होतं, आडवी हलवली की "हो", हे लहान पोराला कळतं. पुस्तकवाल्यांना नको कळायला?

त्सोनेवा बाईंनी मला विचारलं, तुम्हाला स्वतःला काय वाटलं? मी म्हणालो, भाषांतर वाईट आहे.

४ ऑक्टोबर, बुधवार

घरी सराव. समोरच्याचं म्हणणं आपल्या शब्दांत परत सांगायचं आणि त्यामागची भावना ओळखायची. गिंका (माझी बायको) म्हणाली, नळ गळतोय. मी म्हणालो, नळ गळतोय आणि त्यामुळे तुला एकटं वाटतंय. ती म्हणाली, नळ गळतोय, ल्युबेन. मी म्हणालो, तुला आपलं म्हणणं दोनदा सांगावं लागतंय असं तुला वाटतंय. तिने पोळपाट जोरात आपटला. भावना बाहेर आली. पद्धत बरोबर आहे.

संध्याकाळी घरी आलो तर नळ दुरुस्त. चौथ्या मजल्यावरून माणूस बोलावला होता म्हणे.

चौथ्या मजल्यावरचा माणूस म्हणजे माझा थोरला भाऊ ओग्न्यान. बंदरावर क्रेन चालवायचा. आम्ही आठ वर्षं बोलत नाही. कारण तळघरातलं कोबी मुरवायचं पिंप. आईचं होतं, त्याने ठेवून घेतलं. मला त्याबद्दल काहीही वाटत नाही. नोंद असावी म्हणून लिहिलं.

१४ ऑक्टोबर, शनिवार

आज बोलायची पाळी माझी. बाई म्हणाल्या, एखादी छोटी, खरीखुरी अडचण आणा. मला अडचणी नाहीत. पण सहकाऱ्यांचा सराव बुडू नये म्हणून पिंपाचा विषय घेतला. मिल्चो ऐकायला.

त्याला काही येत नाही. पहिल्यांदा म्हणाला, "पिंप." मग बऱ्याच वेळाने, "बरं. आणि आई?" बस. सगळं मलाच ओढावं लागलं. आई शेवटचे सहा आठवडे ओग्न्यानकडे होती, हे सांगितलं. मी वरचेवर जात होतो, हेही. ती गेली त्या दुपारी मी लेसनवर होतो, फोन डॅशबोर्डच्या कप्प्यात बंद, तो माझा नियमच आहे. तरी अंत्यविधीला ओग्न्यान सगळ्या नातेवाइकांसमोर म्हणाला, "तुला ऐकूच येत नाही, ल्युबो. कधीच आलं नाही." आणि वर पिंप.

दहा मिनिटांचे चाळीस झाले. रालित्साने कागदी रुमाल पुढे केला. वर्गातला हीटर डोळ्यांना फार लागतो. बाई म्हणाल्या, "शाबास, मिल्चो." मला कुणी काही म्हणालं नाही. उदाहरण पुरवणाऱ्याला श्रेय मिळत नाही, हा अनुभव जुनाच.

२१ ऑक्टोबर

त्सोनेवा बाईंनी वर्गानंतर थांबवून विचारलं, मागच्या वेळी तुमचा विषय काय होता? मी म्हणालो, पिंप. बाई काहीच बोलल्या नाहीत. बराच वेळ. उत्कृष्ट तंत्र! मग मीच दहा मिनिटं पिंपाचं लाकूड कसलं, कड्या कुठल्या, ते सांगितलं. पंचवीस नोव्हेंबरला परीक्षा आहे, तोवर यावर विचार करा म्हणाल्या. केला. ओक लाकूड.

२८ ऑक्टोबर, शनिवार, दुपारी

मोठा निर्णय. ओग्न्यानलाच सरावाला घेणार. परीक्षेची तयारी होईल, आणि त्याला मदतही. त्याच्यात बराच राग साठलेला आहे.

वर गेलो, बेल वाजवली. त्याने दार उघडलं. मी खांदे सैल सोडले, किंचित पुढे झुकलो आणि म्हणालो, "बाते, तू रागावलेला आहेस असं मला जाणवतंय." (थोरल्या भावाला बातेच म्हणायचं, भांडण असलं तरी.)

तो म्हणाला, "नव्हतो. आत्ता झालो." आणि दार लावलं.

पहिल्याच भेटीत त्याने भावना स्वतःच्या तोंडाने कबूल केली. मिल्चोला याला सहा महिने लागले असते.

५ नोव्हेंबर

लिफ्टमध्ये ओग्न्यान भेटला. त्सोनेवा बाईंचं मौन वापरून पाहिलं. त्याच्या डोळ्यांत बघत होतो. हवेत काहीतरी घडत होतं, नक्की. शेवटी तोच बोलला. "तुझा मजला मागेच गेला." चौथ्यावरून चालत खाली आलो.

तरी पण. आधी तो बोलला.

११ नोव्हेंबर

एका विद्यार्थिनीला तिच्या होणाऱ्या नवऱ्याबद्दल मार्गदर्शन करत असताना आम्ही लाल सिग्नल ओलांडला. ती म्हणाली, "सर, मी विचारत होते थांबू का, पण तुम्ही बोलत होतात." ब्रेक माझ्याकडेही होता हे मान्य. पोलीस नव्हता.

सेंटरसाठी नाव शोधतोय. "मोकळं मन" की "ल्युबेन ऐकतो"? गिंकाला विचारलं. ती उठून गॅलरीत गेली. तिला निर्णय घेता येत नाहीत.

२५ नोव्हेंबर, शनिवार

परीक्षा. अनोळखी बाई, वीस मिनिटं, सगळं रेकॉर्ड. नंतर त्सोनेवा बाईंबरोबर बसून ऐकायचं.

बाईचा कुत्रा गेला होता. पंधरा वर्षांचा. मी म्हणालो, "तुम्हाला फार वाईट वाटतंय." इथवर उत्तम. मग तिचा विश्वास बसावा म्हणून मी आमचा कुत्रा शारो कसा गेला ते सांगितलं. मग त्याच्या आधीचा. चौदाव्या मिनिटाला रेकॉर्डिंगवर तीच बाई म्हणताना ऐकू येते, "असू द्या हो, तुम्ही तुमच्याकडून सगळं केलंत." सतराव्या मिनिटाला ती मला पाणी देते.

निकाल: अपुरं. वसंतात पुन्हा बसा.

मी म्हणालो, मशीन माझ्या बाजूला ठेवलं होतं, म्हणून माझा आवाज जास्त आला. त्सोनेवा बाई मौन. या वेळी ते तंत्र मला आवडलं नाही.

मिल्चो पहिला आला.

२६ नोव्हेंबर, रविवार

कोर्स सोडतोय. त्यांना तयार माणूस नको असतो, कोरी पाटी हवी असते. गिंकाला सांगितलं. वाटलं, समजूत घालेल. ती चुलीवरच्या मिरच्या उलटत होती. पाठमोरीच म्हणाली, "आई शेवटी काय बोलल्या ते तू बातेला कधी विचारलंयस? आठ वर्षांत एकदा?"

मी म्हणालो, तू असं विचारतेयस त्यामागे—

ती म्हणाली, "माझ्यामागे काही नाही, ल्युबेन. पुढे मिरच्या आहेत. वर जा आणि विचार."

२७ नोव्हेंबर

सर्दी. वर गेलो नाही.

२९ नोव्हेंबर

लिफ्ट बंद.

२ डिसेंबर, शनिवार, पाच वाजता

गेलो. ओग्न्यान एकटा होता, स्वयंपाकघरात कोबीचे गड्डे चिरत होता. मी म्हणालो, बाते, आई शेवटी काय बोलली? त्याने सुरी ठेवली. हात पुसले. खुर्ची दिली. आणि सांगायला लागला.

मी अप्रतिम ऐकलं. नजर स्थिर, पाठ सरळ, हात मोकळे, दोन्ही पाय उचलून खुर्चीच्या आडव्या दांडीवर ठेवले, म्हणजे दाबायचा प्रश्नच नाही. तो बोलत असतानाच मी शेवटी म्हणायचं वाक्य जुळवत होतो. फार सुंदर जुळलं. त्यात "ओझं" होतं, "एकट्याने वाहिलेलं" होतं. तो थांबल्याबरोबर म्हणून टाकलं. त्याने माझ्याकडे पाहिलं, म्हणाला, "बरं." आणि सुरी उचलली.

परीक्षेत हे वाक्य सुचलं असतं तर! धावत खाली आलो. गिंकाला वाक्य ऐकवलं. ती म्हणाली, छान आहे. आणि आई काय म्हणाल्या होत्या?

मी सांगायला तोंड उघडलं.

दुपारचे तीन वाजले होते. आईने खिडकी उघडायला सांगितली. मग लिफ्टचं काहीतरी. मग... तिथे मला "ओझं" सुचलं होतं.

गिंका वाट बघत उभी होती. मला माहीत नव्हतं. मी तिथे बसलो होतो, त्याच्या तोंडाकडे बघत होतो, आणि आई काय म्हणाली ते मला माहीत नव्हतं.

तोच दिवस, साडेआठ

परत वर गेलो. त्याने दार उघडलं. मी म्हणालो, बाते, मी ऐकलं नाही. परत सांग.

तो दारातच उभा राहिला. मला वाटलं, आता लावतो दार. म्हणाला, "मॅच चालू आहे. बस."

बसलो. अख्खा उत्तरार्ध बघितला. शून्य-शून्य. त्याने मला एक पेला रकिया दारू ओतून दिली, स्वतःला एक. मॅच संपली तरी टीव्हीकडेच बघत त्याने सांगितलं.

आई तीन वाजता जागी झाली. लिफ्टचा आवाज आला की विचारायची, ल्युबो आला का? चार-पाच वेळा झालं. ओग्न्यान म्हणाला, मी त्याला फोन करतो. तर आई म्हणाली, "नको. तो गाडीत असेल. शेजारी शिकाऊ मूल असेल, लक्ष उडेल, कुठेतरी आपटतील." तो फोन उचलायला गेला की त्याचा हात धरायची. नको, तो रस्त्यावर असेल. हेच तिचं शेवटचं.

"सहा आठवडे मी तिला उचललं, पुसलं, भरवलं," तो म्हणाला. "आणि तिला काळजी कुणाची, तर तुझी."

मला काही वाक्य सुचलं नाही.

मग मी म्हणालो, त्या दिवशी लेसन नव्हती. हे मी कुणालाच कधी सांगितलेलं नाही, गिंकालाही नाही. या वहीतही खोटं लिहिलं आहे. मी सकाळपासून नदीवर होतो, जुन्या धक्क्याखाली, गळ टाकून. फोन खिशात होता, बंद करून ठेवलेला. वर जायला मला भीती वाटायची. तिचे हात फार बारीक झाले होते.

ओग्न्यान म्हणाला, "ठाऊक आहे."

मी विचारलं, कसं?

"जिन्यात भेटलास की. मी डॉक्टरला आणायला खाली धावत होतो आणि तू बादली घेऊन वर येत होतास. मी सांगायला तोंड उघडलं, तर तू मला नदीचं पाणी कसं उतरलंय ते सांगत सुटलास. मला थांबवून मासे दाखवलेस."

मला तो जिन्यात भेटलेला अजिबात आठवत नाही. खूप प्रयत्न केला. बादली आठवते.

बराच वेळ आम्ही दोघं जाहिराती बघत बसलो. निघताना तो म्हणाला, दोन कार्प होते, चांगले हाताएवढे.

मला एकच आठवतो.