मेंढक्यानं मागं चालायचं

॥ बिरोबा प्रसन्न ॥
होटगी, ४ एप्रिल २०२५

चि. सौ. विजयमाला हिला आई केराबाईचा पोटभर आशीर्वाद. सौ. लिवलंय, जहाजावरनं नुसती टोपी आली म्हंजे जावई गेलं असं मी मानत न्हाय.

तुझं पत्र सोमलिंगानं भाकरीच्या फडक्यातनं आणून दिलं. आदी रडले, मग हसले. आपला बिरुदेव, विहिरीत डोकवायला भेणारा, त्येला दर्या सरकार जहाजावर न्हेणार! मंगळवेढ्याच्या रानात ह्यास्नी खलाशी गावतात तरी कसं? गेल्या साली बाप न्हेला. आता नातू द्यायचा न्हाय.

ऐक. भीमेच्या तुमच्या काठाला दर्यावाले, आमच्या काठाला खुष्की सरकार. हे बी काय देव न्हाईत, आगगाड्या भरभरून पोरं न्हेत्यात. पर मेंढक्याला हात लावत न्हाईत. त्येंची फौज बर्फात बसलीया, लोकर पायजे की! सोमलिंगाचा कळप दोन्ही काठाला चरतो, दोन्हीकडचं शिपाई त्येला वळकत्यात. त्येच्यासंगं पोराला धाड. नदीची काळजी करू नको. माझा जलम हितं गेला, चैत-वैशाखात भीमेत नुसती वाळू.

शेळीला दोन करडं झाली. एक अगदी तुझ्या चुलत सासऱ्यासारखं बघतंय. हसू नको.

माया ठेव.
तुझी आई

मंगळवेढा, १३ एप्रिल

ती. आईस विजयमालाचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

बिरुदेवला सांगितलं. म्हणाला, मी आयटीआय झालेला माणूस, मेंढरं कशी हाकू? सोमलिंगदादा त्याला रानात घेऊन जातात. पहिल्याच दिवशी मेंढ्यानं ढुसणी मारून काट्यात बसवला. दादा म्हणतात, हा चालतो तेव्हाच कळतं की गाडीवर फिरणारा आहे. आई, नदीकाठच्या पहाऱ्याच्या मनोऱ्यावरच्या शिपायानं ओळखला तर? अमावस्या झाली की त्याला हजर व्हायचंय, त्याआधीच निघायला हवं.

तो सारखा पाण्याचं विचारतो. पोहता येत नाही ना. मी म्हटलं, आजीनं लिहिलंय, वाळू आहे. आजीचं नाव घेतलं की काठी उचलून रानात निघतो.

फोन बंद झाल्यापासून तुझं अक्षर वाचायची सवय लागली. वेलांट्या सगळ्या उलट्या, पण तुझा आवाज ऐकू येतो.

आमच्यावर जीव असू दे.
विजयमाला

॥ बिरोबा प्रसन्न ॥
होटगी, २० एप्रिल

चि. सौ. विजयमालाला आशीर्वाद, आणि माझ्या मेंढक्याला हज्जार मुके!

बाई, मला झोप न्हाय. घर सारवलं, शेंगाची चटणी कुटली, शेजारची दाक्षायणी म्हणते आजी तुमचंच लगीन हाय का काय. सोमलिंगाजवळ घोंगडं धाडलंय. लोकर मी कातली, सनगराला म्हनलं दुपदरी जाड विण, चिंचोक्याची खळ चांगली पाज, माझ्या नातवाला वारा लागाय नगं. त्यो म्हनला आजी, लई जड व्हईल. म्हनलं, हूं दे.

आता पोराला वाचून दाखव. घोंगड्याची खोळ डोक्यावर घे. काठी खांद्याला आडवी. बूट काढ. आणि मेन म्हंजे, मेंढक्यानं मागं चालायचं. पुढं कळप, शेवटाला आपण. एक बी जीव नदीत टाकून खरा मेंढका वर चढत न्हाय, शिपाई तेवढंच बघत्यात. घाई करू नको. काल मी सवता पात्रात जाऊन आले, पाय पोळले.

तुज्या पोराला मी आठ दिसात जाड करते बघ. माया हाय तशी ठेव.
तुझी आई

मंगळवेढा, २९ एप्रिल

ती. आईस नमस्कार.

बिरुदेव अमावस्येच्या आदल्या दिवशी निघाला, पोचला ना? सोमलिंगदादा अजून परतले नाहीत. इथं ढोल वाजतायत. दर्या सरकारनं वरच्या धरणाची दारं उघडली, म्हणे आता तोफांच्या होड्या भीमेतून थेट तुमच्या काठाला लागणार. मी घाटावर गेले तर खरंच पाणी, उन्हात, आभाळात ढग नसताना. लोक नारळ सोडत होते.

तो त्याआधीच पलीकडे गेला असेल. जेवतो का नीट? हे पत्र हुसेनसाबांच्या चिंचेच्या ट्रकमधून, लांबच्या पुलावरून पाठवते. त्याच्या हातची एक ओळ तरी धाड.

विजयमाला

॥ बिरोबा प्रसन्न ॥
होटगी, ४ मे

माझ्या विजयमाला, बाळा,

बसून वाच. कुणाला तरी जवळ बसवून वाच.

मी काठावरच हुते. लांबनं वळकला. खोळ डोक्यावर, काठी आडवी, सगळ्यात मागं. चालणं बी मेंढक्याचं झालं हुतं गं. मनोऱ्यावरचा शिपाई बघून जांभई देत हुता. मी त्वांडाला पदर लावून हसत हुते. कळप वर चढला, सोमलिंग चढला. एक कोकरू वाळूत बसलं. सोमलिंग वरडला, ऱ्हाऊ दे, ये. पोरगं मागं फिरलं.

मग आवाज आला. मला वाटलं आगगाडी.

कोकरू खोळीत घालून त्यो पळत आला. पाणी कमरंला लागलं तवा त्येनं ते सोमलिंगाकडं फेकलं. सोमलिंगानं हात दिला, बोटाला बोट लागलं बी. पर घोंगडं भिजलं हुतं. दुपदरी. भिजलं की धोंडा व्हतो त्येचा, मला न्हाय ठावं तर कुणाला?

मागनं होड्या आल्या. पांढऱ्या टोप्यांची पोरं, आपल्या बिरुदेवाएवढीच. एकानं टोपी काढली.

खालच्या वळणाला गावला. आपल्या देवळामागं मातीत ठेवलाय, उन्ह लागत न्हाय तितं. शिपाई इचाराय आला, कोण हुता म्हणून. मी म्हनलं, मेंढका हुता. त्येनं मान हलवली आणि गेला.

कोकरू त्येच्यासाठी घातलेल्या वाकळंवर निजतंय. उठवत न्हाय मी.

नदी कोरडी हाय असं मीच लिवलं हुतं. तू काय बी म्हण, पर माजी माया सोडू नको गं.

आई