टेकू धाकट्याला

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा गिटारदुरुस्ती, गल्लीत तारवाली ताई म्हणून ओळखली जाणारी, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाला बळी न पडता हे लिहून ठेवते. दबावाला बळी पडायची मला सवय नाही, हे पलीकडच्या दुकानातला माझा धाकटा भाऊही सांगेल. हृदय थकले आहे, उजवा हात थरथरतो. डोके शाबूत आहे. आमच्या वडिलांनी मृत्युपत्र केले नव्हते. त्याचे परिणाम आम्ही दोघांनी भोगले, म्हणून हा कागद.

१. दुकानावरच्या दोन खोल्या माझ्या स्वकष्टार्जित आहेत. त्या आणि बँकेतली ठेव भाचीला, म्हणजे धाकट्याच्या मुलीला द्यावी. आम्हा बहीणभावांचे बोलणे बंद असतानाही ही पोर "आत्या, चहा टाक" म्हणत जिना चढत राहिली. स्वयंपाकघराची खिडकी वाऱ्याने आपटते, तिला पाचर लावावी.

२. कानशी, पकडी आणि सरस तापवायचे भांडे भाचीलाच. एक बारीक कानस समोरच्या शिंप्याने कात्रीला धार लावायला नेली आणि तिचे दात घालवले. ती त्यालाच देऊन टाकणार होते. पण तो या कागदाचा साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही देता येत नाही, असे वकीलबाई म्हणतात. तेव्हा ती परत आणावी.

३. खिडकीतली निळी गिटार एका गायकाची आहे. तिच्या मानेचा बाक काढून ठेवल्याला वर्ष उलटले. आला की "झाली का?" असेच विचारेल. वाद न घालता देऊन टाकावी.

४. आता टेकू. गिटार टेबलावर उताणी ठेवली की तिची मान अधांतरी राहते आणि जरा जोर दिला की सगळी गिटार डुगडुगते. म्हणून मानेखाली हा लाकडी टेकू ठेवायचा: चार बोटे उंच, वर खाच, खाचेत चामडे. वडिलांनी तो मोडक्या खुर्चीच्या पायातून केला. त्याआधी धाकटा मान दोन्ही हातांनी धरायचा आणि मी तारा चढवायची. हात भरून आले की "ताई, लवकर" म्हणायचा, पण सोडायचा नाही.

वडील गेल्यावर त्याला नव्या गिटारी विकायच्या होत्या, मला जुन्याच बऱ्या करायच्या होत्या. शब्दाने शब्द वाढला. दुकानाच्या मधोमध फळ्यांची भिंत आली आणि एकेक वस्तू वाटली गेली. टेकू माझ्याकडे आला, गिटारच्या पाठीखाली घालायची गादी त्याच्याकडे गेली. तेव्हापासून माझ्या टेबलावरची गिटार घसरते आणि त्याच्या टेबलावरची मान एका जाडजूड पुस्तकावर टेकलेली असते. टेकू करणे त्याला सकाळभराचे काम, गादी शिवणे मला तेवढेच. दोघांनीही केले नाही. केले असते तर कायमचे वेगळे झालो असतो, असे मला वाटत आले.

टेकू धाकट्याला द्यावा, एवढेच हे कलम होते. पण साक्षीदार कोण कोण आहेत हे त्याला शिंप्याकडून कळले आणि तो माझ्या दारात येऊन उभा राहिला.

"सगळ्या गल्लीला सहीला बोलावलंस. सख्खा भाऊ चालत नाही होय तुला?"

"साक्षीदाराला काही मिळत नाही," मी म्हणाले.

"मग?"

"मग काय. टेकू तुला ठेवलाय."

"तू गेल्यावर नकोय मला तो, ताई," तो म्हणाला, आणि निघून गेला. मला वाटले, संपले. तेवढ्यात तो गादी काखोटीला मारून परत आला. मला रडू आले, ते मी लपवले नाही.

म्हणून हे कलम आता असे वाचावे: टेकू माझ्या पश्चात धाकट्याचा, पण टेकू आणि गादी यापुढे एकाच टेबलावर राहतील. भिंतीच्या मधल्या फळ्या निघाल्या आहेत. उरलेल्या माझ्या हयातीत न निघाल्यास भाचीने काढाव्यात.

५. सहीबद्दल. वरचा मजकूर वकीलबाईंनी टाइप केला. एवढे मी हाताने लिहिते आहे. हात थरथरणाऱ्या बाईचे अक्षर इतके सरळ कसे, अशी शंका कोणी घेऊ नये. माझे मनगट टेकूवर आहे आणि टेकू हलू नये म्हणून धाकट्याने तो दोन्ही हातांनी धरला आहे. माझ्या हाताला त्याने स्पर्श केलेला नाही आणि तो साक्षीदारही नाही, त्यामुळे त्याच्या हक्काला बाध येत नाही. मी मुद्दाम सावकाश लिहिते आहे. "ताई, लवकर" असे तो अजून म्हणालेला नाही.

सही: तारवाली ताई

आम्हा दोघांच्या देखत सही झाली:
१. समोरचा शिंपी (कानस आणून दिली)
२. माझ्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरबाई

ठिकाण: दुकान, भिंत होती तिथे लावलेले टेबल
दिनांक: ९ फेब्रुवारी