आपाचा गूळ, मधुमेहींनाही चालतो

माधवनगर,
दि. १२ जानेवारी २०२६

चि. मोहसीन यास,

तुझ्या दुल्हाभाईचा सलाम आणि पोटभर दुवा. गुऱ्हाळ जोरात चालू असेल. थंडी चांगली पडली आहे, म्हणजे यंदा गुळाला रंगही छान धरत असेल. इकडे आम्ही सगळे ठीक आहोत.

तू म्हणशील, आष्टा काय लांब आहे, या म्हाताऱ्याला पत्र लिहायची हौस कुठून आली? अरे बाबा, फोन माझ्या हातात राहतो कुठे? एरवी वाजला की तुझी आपा आधी झडप घालते. कधी मला मिळालाच, तर तुझ्यामागे क्रशर घरघरत असतो. मी म्हणतो, "मोहसीन, जरा ऐक." तू म्हणतोस, "व्हय व्हय, दुल्हाभाई, धाडतो दोन भेल्या." आणि खरंच धाडतोस! मंगळवारी पोचल्या. काकवीची बाटलीही पोचली, झाकण घट्ट होतं, सांडली नाही.

पाकिटावरचा आपाचा नवा फोटो सुरेख आहे. डोक्यावरचा पदर नीट आहे, हसू तर असं की बघणाऱ्याला वाटावं आत्ता चहा विचारेल. खाली लाल अक्षरात तू छापलं आहेस, 'मधुमेहींनाही चालतो'. सून सिमरननं ते वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि आत गेली.

आमच्या घरात सध्या गोडाचे पक्ष पडले आहेत. सिमरन शुगर फ्रीच्या गोळ्यांची डबी घेऊन आली, तर तुझ्या आपानं ती मोरीवरच्या फळीवर नेऊन ठेवली. म्हणे, "त्यानं मेंदूला भोकं पडत्यात, मोबाईलवर आलंया." पोरानं मधाची बाटली आणली. कुणी खजुराचा पाक चांगला म्हणून सांगितलं, तोही आला. कपाट उघडलं की मिठाईचं दुकान वाटतं, आणि ज्याला त्याला वाटतं की आपली बाटली म्हणजे औषध, दुसऱ्याची म्हणजे विष. साखरेचा डबा मात्र बिचारा माळ्यावर गेला. आमच्या घरातली गुन्हेगार साखर एकटीच.

शेवटी मी एका डॉक्टरीणबाईंना सरळ विचारलं. चांगल्या आहेत, माझ्या नातीच्या वयाच्या. मी माझी सगळी वकिली केली. म्हटलं, आमचा मेहुणा गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून हायड्रॉस पावडर घालत नाही. भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालतो, मळी हातानं काढतो, रसायनाचा कण नाही. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "आजोबा, मेहुणे काम प्रामाणिकपणे करतात, पण रक्ताला भेंडी कळत नाही. गूळ, मध, खजुराचा पाक, आत गेल्यावर सगळी साखरच."

मी म्हटलं, "निदान साखरेपेक्षा तरी बरा असेल की?"

"जरासं लोह असतं. पण ते अंगी लागावं म्हणून गूळ खायचा, तर भेलीच संपवावी लागेल. आणि खरं सांगू? तुमच्या घरात तो साखरेपेक्षा वाईट ठरला. साखर असती तर आजी भ्याल्या असत्या. भीतभीत अर्धा चमचा घेतला असता. गूळ औषध म्हणून त्यांनी बिनघोर खाल्ला."

गोळ्यांचंही विचारलं. त्या म्हणाल्या, "त्यांनी रक्तातली साखर गुळासारखी चढत नाही, पण त्यांचा अभ्यास अजून चालू आहे, डोळे मिटून घ्या असं मी त्यांच्याबद्दलही म्हणणार नाही. गोडाची सवयच कमी करा." आता सांग, साठी उलटलेल्या बाईच्या जिभेची सवय मी कशी कमी करू? ती काय यंत्रमागाचा पट्टा आहे, ढिला केला की झालं?

मोहसीन, येतो येतो म्हणत मी मुद्द्यावर येतच नाही. वर 'माधवनगर' लिहिलं ते हाताच्या सवयीनं. मी मिरजेत आहे. दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली बाक आहे, त्यावर बसून लिहितो आहे. वर 'सगळे ठीक आहोत' असंही लिहिलं आहे. ते खोडायला हवं, पण राहू दे.

तुला सांगितलं तशी आपा साताऱ्याला तरन्नुमकडे गेलेली नाही. लेक बिचारी रोज सकाळी साताऱ्याहून फोन करते आणि विचारते, "अब्बा, मामूंचा फोन आला तर आज काय सांगू? अम्मी अंघोळीला गेलीय, का बाजारात?" आणि परवा आपा तुझ्याशी बोलली ना, "हितं साताऱ्यात लय गारठा हाय रं, नाक गळतंया", ते इथल्या खाटेवरून. बोलताना हातात सलाईन होतं. नर्सबाई हसू दाबत बाहेर गेली.

तिचा डावा पाय बिघडला आहे. दोन बोटं काढली. काळं वर सरकतं आहे आणि आता गुडघ्याखाली काढायचं म्हणतात. लवकर काढलं तर जीव वाचेल असं म्हणतात, आणि ती संमतीच्या कागदावर अंगठा द्यायला तयार नाही.

कसं झालं तेही सांगतो, पण तू मनाला लावून घेऊ नकोस. हंगामाच्या पहिल्या आधणाला तू तिला नेलं होतंस. पहिला गूळ आपाच्या तोंडात, हा तुझा रिवाज. उकळत्या रसाच्या काहिलीजवळ चप्पल घालून जायचं नाही, हा तुमच्या वडिलांचा रिवाज. तिनं बाहेर चपला काढल्या, नुसत्या मोज्यांवर चुलवाणाच्या कडेनं गेली आणि तिथं चिपाडाच्या निखाऱ्यावर पाय पडला. तिला कळलंच नाही, मोहसीन. उभी राहून तुझ्याशी हसत बोलत होती. घरी येऊन मोजा काढायला गेली तेव्हा मोजा निघेना, म्हणून मी पाहिलं. शुगरनं पायाची जाणीव आधीच गेली होती, आम्हाला कुणालाच पत्ता नव्हता. ती तर म्हणाली, "आवं, दुखत न्हाई म्हंजी बरंच हाय की."

तिनं मला शपथ घातली आहे की तुला कळवायचं नाही. "माझा पाय गेला आसं लोकांस्नी कळलं, तर माझ्या मोहसीनच्या गुळाला कोण हात लावंल? पाकिटावर मीच हाय नव्हं?" आणि फेब्रुवारीत सांगलीचं प्रदर्शन आहे. गेल्या वर्षी तुझ्या स्टॉलवर ती काकवीचा चहा पीत बसली होती, आठवतं? कुणीतरी विचारलं, "आजी, शुगरला खरंच चालतो व्हय ह्यो गूळ?" तर ही म्हणाली, "चालतो? पळतो!" माणसं केवढी हसली. यंदाही जायचं आहे म्हणे, मग नंतर पायाचं बघू.

तुझी आई गेली तेव्हा तू रांगत होतास. नवी नवरी म्हणून आपा माझ्या दारात आली ती तुला कडेवर घेऊनच. पुढे तिला शुगर निघाली, तर तू माझ्या ओट्यावर बसून ढसाढसा रडलास. म्हणालास, "आपाला साखर सोडाय लावली, पर गोड न्हाई सोडाय लावणार." आणि त्या एका शब्दापायी तू पावडर बंद केलीस, सगळं गुऱ्हाळ पालटलंस. केवढे कष्ट केलेस! आम्हीही छाती फुगवून सगळ्यांना सांगत होतो. त्यात पावडर नाही म्हणजे त्यात साखर नाही, असं आपण सगळ्यांनीच धरून चाललो. कुणी कुणाला फसवलं नाही रे, म्हणून तर रागवायलाही कुणी सापडत नाही.

मी तिची उशी चाचपली तर रुमालात बांधलेला गुळाचा खडा निघाला. तुझाच. मी काढून घेतला तर लेकरासारखी तोंड फिरवून झोपली. डॉक्टरांचं ऐकत नाही, माझं ऐकत नाही. तुझं एकट्याचं ऐकेल. तू ये. ये आणि तुझ्या तोंडानं एवढंच म्हण, "आपा, माझा गूळ खाऊ नकोस." दुसरं काही मागत नाही.

शपथ मोडली, त्याचं मी अल्लाला उत्तर देईन.

तुझा,
रहिमान

•

मिरज,
दि. २४ जानेवारी

मोहसीन,

दुवा.

पत्र हातात पडलं त्याच दिवशी तू आलास. अंगावर गुऱ्हाळातलाच सदरा होता, बाहीला काकवी वाळलेली. इतका धावत आलास, म्हणून मी तुला काही बोललो नाही. पण आता लिहितो.

आपानं तुला दारात बघून पायावर चादर ओढली. तू विचारलंस, "कवा आलीस साताऱ्यासनं?" ती म्हणाली, "ही काय, आत्ताच टेकले." दोघंही हसलात. मग तू चादर उचललीस आणि पाय बघितलास. मी मागून तुला खूण केली. तू तोंड उघडलंस. मला वाटलं, आता म्हणतो.

तू म्हणालास, "आपा, फुडल्या हंगामाला मळी आणि एकदा काढाय लावतो. भेंडी दुप्पट घालतो."

आणि ती काय म्हणाली? "व्हय रं राजा. औंदा भेंडी जरा कमीच पडली हुती. मला चवीतच कळलं हुतं."

पुढं तुम्ही दोघं भेंडीवरच बोलत बसलात. कुठल्या बांधावरची चांगली, कुणाची जून निघाली. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. मला तुझा राग आला असता तर बरं झालं असतं. पण बोलता बोलता तू ती चादर तिच्या पायाभोवती नीट खोचत होतास, ते मी पाहिलं. ज्या हातानं लहानपणापासून आपाच्या तोंडात गूळ घातला, त्या हाताच्या माणसानं ते वाक्य कसं म्हणायचं, हे मलाही सांगता येणार नाही. मी तुझ्याकडे भलतंच मागितलं.

अंगठा मात्र तिनं तुझ्यासमोर दिला. आधी तुला विचारलं, "परदर्शनाला मी खुर्चीतच बसत्ये नव्हं? टेबलावर चादर आसत्याच. पाय कुणाला दिसतोय?" तू मान हलवलीस. त्या मानेवर तिनं अंगठा दिला. जीव वाचावा म्हणून तू हलवलीस हे मी जाणतो. पण मोहसीन, ती खरंच त्या खुर्चीची वाट बघते आहे.

शस्त्रक्रिया बुधवारी झाली. गुडघ्याखाली काढला. शुद्धीवर आली तेव्हा मला ओळखलं, सिमरनला ओळखलं. नंतर चादरीवरून हात फिरवत खाली गेली, आणि जिथं पाय संपतो तिथं तिचा हात थांबला. मी तिचा हात उचलून माझ्या हातात घेतला, तर म्हणाली, "आवं, मोहसीन जेवला का?"

डॉक्टरीणबाईंनी निक्षून सांगितलं आहे. दुसऱ्या पायालाही जाणीव कमीच आहे. गोड असंच चालू राहिलं तर तोही पाय वाचेल याची खात्री देत नाहीत. मी चहा बिनसाखरेचा करून नेतो. ती एक घोट घेते आणि कप खाली ठेवते. तिच्या जेवणाच्या डब्यात मी बोट फिरवून बघतो, रुमाल झटकून बघतो. जन्मभर जिच्या हातचं विश्वासानं खाल्लं, तिची अशी झडती घ्यायची वेळ आली आहे. रोज ठरवतो की आज ओरडायचं, आणि रोज तिची वेणी घालून परत येतो.

आता हे पत्र कशासाठी, ते सांगतो.

शेजारच्या खाटेवर एक बाई आहेत, विजयमालाबाई, वाळव्याकडच्या. चांगल्या घरच्या, मोकळ्या बोलण्याच्या. त्यांनाही शुगर आहे, उजव्या टाचेला जखम आहे, अजून काही काढलेलं नाही. औषधानं भरेल असं म्हणतात. काल दुपारी मी फळं घेऊन आलो तर दोघींच्या गप्पा रंगल्या होत्या. विजयमालाबाई विचारत होत्या, "तुमचा पाय शुगरनंच गेला का हो?"

तुझी आपा म्हणाली, "छ्या! निखाऱ्यावर पडला. शुगरचा काय संबंध? मी धा वरसं भावाचा गूळ खात्ये. साखरंला शिवत न्हाई."

"आमच्यात साखर बंद केली, तवापासनं तोंडाला चवच न्हाई बघा."

"आवं, मग आमच्या मोहसीनचा न्या की! बिनपावडरीचा हाय. तुमी कितीबी खावा."

आणि पिशवीतून पाकीट काढून दिलं. फोटो दाखवला, "ही मीच." विजयमालाबाईंना केवढं कौतुक वाटलं. मी दारात उभा होतो. मी म्हणणार होतो, "ताई, नका घेऊ." खरंच म्हणणार होतो. तेवढ्यात तुझ्या आपानं माझ्याकडे बघितलं. पाय गेल्यापासून तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा तेज आलं होतं, मोहसीन. मी फळं ठेवली आणि सुरी शोधत बसलो.

पाकिटावर तुझा नंबर आहे. विजयमालाबाईंनी तो लेकाला मोबाईलमध्ये घालायला सांगितला आहे. सोमवारी घरी सोडतात त्यांना. घरी गेल्या की फोन करतील आणि विचारतील, "मला चालंल ना?"

तुला आपाला सांगता आलं नाही, ते मी समजून घेतलं. मला त्यांना सांगता आलं नाही, ते तू समजून घे. पण त्या बाई तुझ्या कुणी लागत नाहीत, आणि त्यांचे दोन्ही पाय अजून जागेवर आहेत. फोन आला की एवढ्यापुरता क्रशर बंद कर.

तुझ्या आपाला आणि तुला, दोघांनाही काही बोलू न शकलेला,
रहिमान