बच्चूच्या ट्रस्टमधली रिकामी जागा

चि. भाचीबाईस मामाचे पोटभर आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे? जावईबापूंचा खोकला गेला, की अजून फोनवर तोच आधी बोलतो? इकडे आम्ही दोघे भाऊ बरे आहोत. म्हणजे तुझा बच्चूमामा बावन्नाव्या वर्षीही ठणठणीत, एक दात हललेला नाही. मी एकाहत्तरचा, हलायचं ते सगळं हललंय. आई जाताना बच्चूला सांभाळ एवढंच म्हणाली. सांभाळला. पण माझ्यानंतर कोण? (तुझी मामी असती तर तिनं हे कधीच मार्गी लावलं असतं.) शेवटी वकीलबाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, ट्रस्ट करा. घर आणि शिल्लक त्यात ठेवायची, विश्वस्तांनी ती फक्त बच्चूसाठी वापरायची. मला वाटलं, सुटलो एकदाचा! कसला सुटतोय.

विश्वस्त दोन हवेत. एक बच्चूच्या कार्यशाळेतल्या बाई, त्या लगेच हो म्हणाल्या. दुसरं माणूस घरोब्याचं हवं, म्हणून मी आपले शिंपीकाका सुचवले. बच्चूचे सगळे शर्ट त्यांच्या हातचे, जीवही लावतात. वकीलबाईंनी वय विचारलं. एक्याऐंशी. त्या म्हणाल्या, अहो, विश्वस्त तुमच्यामागे उरायला नको का? हे मी शिंपीकाकांच्या कानावर घालायचा गाढवपणा केला. तेव्हापासून म्हातारा इरेला पेटलाय. रोज सकाळी चार चकरा मारतो आणि आमच्या खिडकीखाली मुद्दाम खाकरतो, मी अजून आहे हे कळावं म्हणून. त्यांची तब्येत खरंच सुधारतेय गं, आणि माझी बिघडतेय.

मग तुझा चुलतमामा. 'मी आहे ना' म्हणत आयुष्य काढलेला माणूस. कागद पुढे येताच त्याची कंबर धरली, मग मेहुणी आजारी पडली, मग तो फोनच उचलेना. जाऊ दे, आपलेच दात, आपलेच ओठ.

मधेच दिव्यांगत्वाच्या दाखल्यासाठी बच्चूला डॉक्टरांकडे नेलं. शंभरातून सात-सात वजा करत जा म्हणाले. बच्चूनं शांतपणे सांगितलं, आधी तुम्ही करा. डॉक्टर एकोणऐंशीला अडखळले. मी मनातल्या मनात करत होतो, तो शहाऐंशीलाच बसलो. (दाखला मिळाला. कुणाला द्यावा याबद्दल डॉक्टर जरा घोटाळ्यात दिसले.)

आता शेवटचं संकट. वकीलबाई म्हणाल्या, विश्वस्तांना समजावं म्हणून बच्चूची माहिती पानभर लिहून द्या. मी एक्केचाळीस पानं लिहिली. तो शर्टाची बटणं खालून वर लावतो, मधे हात घालायचा नाही. कशालाही आधी नाहीच म्हणतो. दहा आकडे मोजायचे आणि पुन्हा विचारायचं. मिक्सर लावायच्या आधी त्याला सांगायचं. दुखलं तर बोलत नाही, फक्त डावा कान चोळतो. बाई म्हणाल्या, काका, थोडं कमी करा ना. दोन दिवस पेन्सिल घेऊन बसलो. एकच ओळ खोडता आली: 'बाकीचं दादाला विचारा.' ती खोडली आणि मग मला रडू आवरेना. बच्चूनं पाणी आणून दिलं आणि पेन्सिल काढून घेतली.

असो. तू काळजी करू नकोस, नुसतं कळवावं म्हणून लिहिलं. गुडघ्याला जप.

तुझा हातपाय गाळलेला मामा

ता. क. चुलतमामाबद्दल लिहिलं ते अर्धं खोटं. कंबर धरली होती, पण सहीला तो तयार होता. मीच त्याला टाळला. घरी आला की बच्चूसमोर मलाच विचारतो, 'हा जेवला का?' अरे, तो बसलाय ना समोर, त्याला विचार की! अशा माणसाच्या हाती मी बच्चूला देणार नाही. शोभत नसेल तर नसू दे.

ता. क. दुसरा. वकीलबाईंनी बच्चूलाही विचारलं, तुला कोण हवं? म्हणाला, दादा. दादा नसला तर? त्यानं विचार केला आणि म्हणाला, 'येईपर्यंत दारात थांबीन.' तू लहानपणापासून त्याला ओळखतेस. तो खरंच थांबेल. शुक्रवारी अकराला वकीलबाईंकडे ये, रिकाम्या जागी मी तुझं नाव लिहून बसलोय. नाही म्हणालीस तर दहा आकडे मोजून पुन्हा विचारीन. त्याला दारातून घरात घ्यायला कुणीतरी लागेल गं.