नऊ नंबरची गादी

५ सप्टेंबर

क्लबच्या पंधरा वर्षांखालील रग्बी टीमचा कोच म्हणून आज माझी एकमताने निवड झाली. मीटिंगला तिघेच होते आणि त्यातला एक मी होतो, पण एकमत ते एकमत. जुना कोच फार मवाळ. कोणाला धक्का लागला तर सॉरी म्हणायला शिकवायचा. मी भाषणात सांगितलं की यापुढे आपल्या टीमला लोक घाबरतील. टाळ्या पडल्या. (सेक्रेटरीच्या.)

माझा अनुभव दांडगा आहे. शाळेच्या टीममध्ये तीन वर्षं राखीव खेळाडू होतो. बाकावरून खेळ जेवढा समजतो तेवढा मैदानातून समजत नाही, कारण तिथे मध्ये माणसं येतात.

संकल्प : या मोसमात साडूच्या क्लबला मातीत घालायचं. बाकी सगळं नंतर.

साडू दातांचा डॉक्टर. टेकडीवरच्या क्लबचा कोच. करंडक दरवर्षी त्याच्याकडेच. जेवायला आला की इतकं गोड बोलतो की भाजीत मीठ घालावंसं वाटतं.

८ सप्टेंबर

पहिली प्रॅक्टिस. पोरांना मूळ तत्त्व सांगितलं : बॉल नंतर, माणूस आधी. कॅप्टन नेमला. पोरगा दरवाज्याएवढा आहे, सगळे त्याला बुलडोझर म्हणतात. त्याची आई नर्स आहे, तेव्हा तोही खर्च वाचला.

आमचे चिरंजीवही टीममध्ये आहेत. चौदा वर्षांचा, काटकुळा, पण हरणासारखा पळतो. त्याला मी राखीव ठेवलाय. कोचचा मुलगा म्हणून वशिला लावला असं कोणी म्हणायला नको. बायको म्हणाली, पण तो चांगला खेळतो ना? मी म्हणालो, म्हणूनच.

१९ सप्टेंबर

पहिली मॅच, कारखान्याच्या क्लबशी. ०–४६. आकड्यांवर जाऊ नये. आकडे भित्र्यांसाठी असतात.

पोरं वाघासारखी लढली. एकाच्या कानशिलाला टाके, एकाचं बोट उलटं वळलं, ते मी स्वतः सरळ केलं (नंतर कळलं की ते वेगळं बोट होतं). बुलडोझरचं नाक फुटलं. रक्त हनुवटीवरून जर्सीत. मी बाटलीभर पाणी डोक्यावर ओतलं, दुसऱ्या नाकपुडीने श्वास घे म्हणालो आणि परत आत ढकलला. त्याची आई कापूस घेऊन कडेला उभी होती. माझ्याकडे बघत होती. कौतुकाने असावं.

चिरंजीवांना उतरवलं नाही. मैदान फार मऊ होतं, पाय रुतला असता.

२६ सप्टेंबर

गोदीच्या क्लबशी मॅच. ३–५२. म्हणजे आपलं खातं उघडलं! प्रगती स्पष्ट दिसते.

मारामारी झकास झाली. सुरुवात त्यांनी केली की आम्ही, हा वादाचा मुद्दा आहे; आम्ही केली. गुडघे, कोपरं, डोकी, जे हाताला लागेल ते. रेफरी पेशाने पोस्टमन आहे, त्याला शिट्टी वाजवायला दम उरला नाही. गवतात दोन दात सापडले. रुमालात बांधून साडूच्या दवाखान्यात पाठवले. त्याने एक बसवून दिला. दुसरा कोणाचा ते कळेना. वर निरोप पाठवला की तुमच्यामुळे माझी प्रॅक्टिस जोरात चालली आहे. मत्सर, दुसरं काय.

शेवटी शेवटी आम्ही मैदानात पंधरापैकी तेराच उरलो होतो. चिरंजीव ट्रॅकसूट काढून उभा राहिला. मी म्हणालो, बस खाली, हुकमाचा पत्ता असा उधळायचा नसतो. शिवाय मैदान फार कडक होतं. पडला असता तर हाड मोडलं असतं.

१० ऑक्टोबर

साडूच्या क्लबशी पहिली मॅच. ०–३८.

कारण एकच : त्यांचा नऊ नंबर. रग्बीत दोन्हीकडची आठ-आठ दांडगी पोरं डोक्याला डोकी भिडवून रेटतात, त्याला स्क्रम म्हणतात. बॉल त्या गर्दीच्या मागून बाहेर येतो आणि तो उचलणारा नऊ नंबर. त्यांचा नऊ एवढासा, पण बॉल हाताला लागला की गायब. आमची पोरं त्याला आडवं करायला जायची आणि एकमेकांवर आदळायची. असंच आदळून आपल्या एका पोराच्या खांद्याचं हाड मोडलं. आवाज मला कडेपर्यंत आला. तोही शेवटपर्यंत खेळतो म्हणाला होता, पण हात वरच जाईना.

साडू मॅचनंतर आमच्या पोरांच्या पाठी थोपटत होता. काय हा निर्लज्जपणा!

नऊ मोडला की टीम मोडली. परतीची मॅच महिनाअखेर आहे.

(चिरंजीवांना उतरवलं नाही. वारा उलटा होता.)

१२ ऑक्टोबर

मला ज्याने घडवलं त्याला सलाम! म्हणजे मलाच.

मी गाद्यांच्या शोरूममध्ये मॅनेजर आहे. गोडाऊनमध्ये गिऱ्हाइकाने परत केलेली एक सिंगल गादी पडून होती. तिच्यावर काळ्या ऑइलपेंटने हा भला मोठा ९ काढला, मैदानावर नेली, गोलपोस्टला बांधली. मालकाला सांगितलं की टिकाऊपणाची चाचणी चालू आहे.

पोरांना म्हणालो, नऊ दिसला की विचार करायचा नाही. धावायचं, धडकायचं, पाडायचं, वर बसायचं. मागून कोणीही थांबा म्हणो, रेफरी म्हणो, आई म्हणो, मी म्हणो, थांबायचं नाही. पहिल्याच दिवशी बुलडोझरने गादीचं पोट फाडलं. फोम बाहेर. पोरं त्या फोमवर नाचली. माझ्या अंगावर काटा आला.

१६ ऑक्टोबर

पद्धत अपेक्षेपेक्षा जास्त यशस्वी.

आज आपसांत मॅच खेळवली. आपला नऊ नंबर बॉल घेऊन वळला आणि आपलीच सहा पोरं त्याच्यावर तुटून पडली. तो ओरडत होता की अरे मी आपला आहे. कोणी थांबलं नाही. शिस्त! त्याच्या दोन फासळ्या गेल्या. त्याच्या वडिलांनी त्याला टीममधून काढला आणि मला जे शब्द वापरले ते इथे लिहीत नाही.

उपाय : यापुढे आपल्या नऊला एकोणीस नंबरची जर्सी.

बुलडोझरच्या आईने विचारलं, आता नऊच्या जागी तुमचा मुलगा का नाही खेळत? मी म्हणालो, ती तांत्रिक बाब आहे. ती म्हणाली, असेल.

२० ऑक्टोबर

जेवताना चिरंजीवांनी मान वर न करता विचारलं की मी कधी खेळणार. मी डावपेच समजावले. तो म्हणाला, बाबा, मैदान मऊ असलं तरी नाही, कडक असलं तरी नाही, मग मी खेळू कुठे, पलंगावर? मी म्हणालो, वडिलांशी असं बोलायचं नसतं. तो म्हणाला, मी काकांच्या क्लबमध्ये जातो, ते घेतील मला. मी म्हणालो, खुशाल जा. आवाज जरा चढला असेल. बायको पाणी प्यायली, बोलली नाही. ती बोलत नाही तेव्हा मला घरात फार काम सुचतं. माळा आवरला.

२३ ऑक्टोबर

गेला. बायकोने परस्पर सही केली.

थंड डोक्याने विचार केल्यावर लक्षात आलं की झालं ते उत्तम झालं. शत्रूच्या गोटात आपला माणूस! साडू स्वतःच्या हाताने हेर घेऊन बसलाय. संध्याकाळी सहज विचारलं, काय रे, काय शिकवतात? चिरंजीव म्हणाले, पडायला. आणखी काही सांगेना. फोडायला वेळ लागेल.

नव्या पोराला साडू बाकावरच ठेवणार. तेव्हा काळजी नाही. काळजी मला नव्हतीच, नोंद म्हणून लिहिलं.

३१ ऑक्टोबर, सकाळ

आज इतिहास. गादीची तिसरी शिवण उसवली. पोरांच्या डोळ्यांत खून आहे. चिरंजीव सकाळी नीट जेवला नाही. बाकावर बसायला कशाला हवं म्हणा पोटभर.

३१ ऑक्टोबर, संध्याकाळ

डाव्या हाताने लिहितोय. अक्षराला हसू नये.

पहिला हाफ म्हणजे कत्तल. बुलडोझर तिघांना अंगावर लटकवून ओढत नेत लाइनपार पडला, बॉल टेकवला, ट्राय! वरची किकही गेली. ७–०. आयुष्यात पहिल्यांदा आम्ही पुढे. त्यांनीही एक ट्राय केला, किक हुकली. ७–५. आमच्या एकाची भुवई फाटली, त्यांच्या एकाला उचलून बाहेर नेला. मी इतका ओरडत होतो की घसा बसला. चिरंजीव त्यांच्या बाकावर. सगळं ठरल्याप्रमाणे.

मग आमच्या पोरांनी त्यांचा नऊ गाठला. सहा जण. गादीपेक्षा सुंदर. ढीग उठला तेव्हा त्याचा कान अर्धा लोंबत होता, मानेवरून रक्ताची धार. मी टाळ्या वाजवल्या.

त्यांच्या क्लबकडे जर्सीचा एकच जोड आहे. जो त्या जागेवर उतरतो त्याने तोच नंबर घालायचा. साडूने ती रक्ताने भिजलेली जर्सी जखमी पोराच्या अंगातून काढली आणि बाकाकडे वळला. चिरंजीवांनी हात वर केले. साडूने जर्सी त्याच्या डोक्यातून घातली. पाठीवर नऊ.

मी म्हणालो, थांबा. कोणाला म्हणालो कोण जाणे.

स्क्रम लागला. बॉल मागून बाहेर आला, चिरंजीवांनी उचलला. आमच्या सगळ्या पोरांच्या माना एकदम वळल्या. सर्वांत पुढे बुलडोझर, डोकं खाली. मी थांबा, थांबा म्हणून किंचाळलो. एकही पोरगं थांबलं नाही. मीच शिकवलं होतं.

नंतर मी मैदानात होतो. मॅच चालू असताना लाइनच्या आत जाण्याची माझी ही पहिलीच वेळ, शाळा धरून. मी बुलडोझरच्या आडवा पडलो. म्हणजे उभा होतो, त्याने आडवा केला. खांद्यात फांदी तुटल्यासारखं काहीतरी झालं, तोंडात माती गेली, आणि वरून आणखी पाच जण आले, कारण पडलेल्याच्या वर बसायचं असतं.

चिरंजीव कधीच निसटला होता. बुलडोझर पोचायच्या आत त्याने पाय बदलला, म्हणे, आणि सरळ दोन खांबांच्या मधोमध जाऊन बॉल टेकवला. त्याचा पहिला ट्राय. सगळ्यांनी पाहिला. मी मातीत होतो.

आणि पोस्टमनने ट्राय रद्द केला. मैदानात बाहेरचा माणूस घुसल्यामुळे त्याने शिट्टी आधीच वाजवली होती. मला रेड कार्ड. त्यांना पेनल्टी किक, ती गेली बाहेर. वेळ संपली. ७–५.

जिंकलो!

बुलडोझरच्या आईने माझा हात गळ्यात बांधून दिला. बांधताना म्हणाली, माझ्या पोराचं नाक फुटलं तेव्हा तुम्ही त्याच्या डोक्यावर पाणी ओतलंत. आज तुम्ही पळालात. गाठ तिने जरा जास्तच आवळली.

२ नोव्हेंबर

खांद्याचं हाड दोन ठिकाणी मोडलंय. बायको उशी लावून देते आणि उठून जाते. चिरंजीव मला पाहिलं की दुसऱ्या खोलीत जातात. एवढ्या मोठ्या विजयानंतर घरात असं वातावरण बरं नव्हे.

मी मैदानात का गेलो याचा अभ्यास करतोय. बहुधा रेफरीच्या चुकीकडे लक्ष वेधायला. उद्या आणखी विचार करीन.

साडू भेटायला आला. खांद्याबद्दल विचारलं, ट्रायबद्दल एक अक्षर काढलं नाही. जाताना एवढंच म्हणाला, पोरगं सुरेख पळतं हो तुमचं. मी पाहिलेला नाही, हे त्याला माहीत आहे. मुद्दाम म्हणाला. किंवा नसेलही मुद्दाम.

६ नोव्हेंबर

स्पर्धेच्या समितीने निकाल रद्द केला. २१ तारखेला पुन्हा मॅच. मला मोसमभर कुठल्याही मैदानावर बंदी.

क्लबने मला एकमताने काढलं. या मीटिंगला सगळे आले होते, खुर्च्या कमी पडल्या. सेक्रेटरीनेही हात वर केला. जुना कोच परत. पहिल्याच दिवशी त्याने पोरांना एकमेकांची माफी मागायला लावली. बुलडोझर रडला म्हणतात. माझी टीम संपली.

२१ नोव्हेंबर

मॅच. मी घरी.

संकल्प : अजिबात काळजी करायची नाही. बायकोला फोन केला. तिने कट केला. पुन्हा केला. स्विच ऑफ. खिडकीत उभा राहिलो. बसलो. एक शर्ट एका हाताने इस्त्री केला, जळला. बुलडोझर डोकं खाली घालून येतो, हे डोळ्यांपुढून हलेना. मैदान आज मऊ होतं की कडक, कोण जाणे.

संध्याकाळी आले. चिरंजीवांचा खालचा ओठ फुटलेला, तीन टाके, एक गाल टमटमीत. मी उठलो, तर तो म्हणाला, काही नाही झालं. बुलडोझरने दोनदा पाडलं, दोन्ही वेळा हात देऊन उठवलं. एक ट्राय केला. साडूची टीम हरली, पण एकाच पॉइंटने. हे सगळं तो आईला सांगत होता, दूध पिता पिता, टाक्यांना लागू नये म्हणून ग्लास वाकडा धरून. इतकं बोलताना त्याला बऱ्याच दिवसांत पाहिलं नव्हतं. मी विचारलं, दुखतंय का? तो म्हणाला, थोडं.

मग ग्लास खाली ठेवून म्हणाला, बाबा, तुम्ही आला नव्हतात ते बरं झालं.

रागाने म्हणाला असता तर माझ्याकडे उत्तर तयार होतं.