रव्याच्या बिड्या

निपाणी
मार्गशीर्ष लागून चार दिवस झाले

चि. अरिहंत,

जय जिनेंद्र. आशीर्वाद नेहमीइतकेच, फक्त या खेपेला उजव्या हातानं. म्हैसूरची हवा तुला मानवली असेल, मेसचा भात मानवला नसेल आणि व्यायामशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाची पुस्तकं पहिल्या वर्षाहून जाड असतील, असं धरून चालतो. तुझ्या आईचे गुडघे तुझ्या व्यायामानं बरे झाले, की व्यायाम चुकवण्यासाठी ती ‘बरे झाले’ म्हणते, एवढं मात्र कळव. माझी ही बहीण लहानपणापासून अशीच आहे.

आधी एक तक्रार. शर्टाला सात गुंड्या असतात. आपल्या सीमाभागात पोर पाळण्यातच घोषणा द्यायला शिकतं, पण सात गुंड्यांविरुद्ध आजवर एकही मोर्चा निघालेला नाही. साडेतीन महिने तुझी मामी दारात उभी राहून माझ्या गुंड्या लावत होती आणि रोज चौथीपाशी थांबून समोरच्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात विचारत होती, ‘भाचा अजून काय काय शिकवणार म्हणतोय?’

प्रश्न रास्त होता. ‘मामा, तोल ही शिकण्याची गोष्ट आहे, दात घासताना एका पायावर उभे राहा,’ असं फोनवर तूच सांगितलं होतंस. (ओल्या मोरीत उभे राहा असं म्हणाला नव्हतास, हे मी मामीपुढं मान्य केलं. तिला ते पळवाट वाटली.) तिसऱ्या दिवशी माझा गुरुत्वमध्य तळपायाच्या बाहेर गेला, त्याच्यामागून मी गेलो आणि दोघांच्या खाली उजवं मनगट आलं. सहा आठवडे प्लॅस्टर. ते निघालं तेव्हा बोटं अशी ताठ, की जणू दुसऱ्या कुणाची तात्पुरती बसवलीत. डॉक्टर म्हणाले, दोन महिन्यांत हालचाल आली तर आली.

मला काळजी एकाच गोष्टीची होती. सव्वीस वर्षं मी फळ्यावर कंपास न लावता, हात न उचलता, एका फटक्यात वर्तुळ काढत आलोय. गणित पोरांच्या डोक्यात गेलं असेल-नसेल, पण आज बापे झालेले विद्यार्थी स्टँडवर भेटले की हवेत बोट फिरवून ‘सर, अजून निघतंय काय?’ असं विचारतात. शाळेनं तेवढ्यात स्मार्ट बोर्ड आणलाच होता. त्याच्यावर बटण दाबलं की वर्तुळ येतं. दहावीचा वर्ग बटणवाल्या नव्या सरांना द्यावा, असं मुख्याध्यापकांनी अतिशय प्रेमानं सुचवलं. माणसाला घरी बसवायचं असलं की लोक प्रेमानंच बोलतात.

मग तू पाठवलेला चेंडू दाबायला घेतला. रोज तीनशे वेळा, पायरीवर बसून, मोठ्यानं मोजत. महिन्यानं मी चेंडू दाबण्यात पारंगत झालो. खडू मात्र हातातून पडायचा तो पडतच राहिला. (जे जमवायचं त्याचाच सराव लागतो, हे तू नंतर कळवलंस. चेंडूबरोबर कळवायला हवं होतंस.) समोरच्या कट्ट्यावर राजाबाई मांडीवर सूप घेऊन बिड्या वळत असतात. त्या तीस वर्षं वळतायत, आणि वीस वर्षं दर एकतीस मेला त्यांच्या घरासमोरूनच मी तंबाखूविरोधी फेरी नेतोय. (तुझे आजोबा तंबाखूचे व्यापारी, त्याच पैशावर शिकून मला एवढी सुरेख भाषणं करता येतात.) महिनाभर माझी मोजणी ऐकून त्या शेवटी म्हणाल्या, “सर, बोटास्नी काम द्या की. नुसतं दाबून काय हुतंय?”

तंबाखूला शिवणार नाही, हे मी ताठ मानेनं सांगितलं. त्यांनी मामीकडून वाटीभर रवा मागवला. अशी माझी शिकवणी सुरू झाली: ओलं टेंभुर्णीचं पान, त्यात चिमूटभर रवा, वळायचं, तोंड मुडपायचं, दोरा. पहिल्या दिवशी जे झालं त्याला बिडी म्हणणं हा पानाचा अपमान होता. मी बोटांकडं टक लावून बसलेलो. त्या म्हणाल्या, “बोटाकडं बघू नगा. पानाच्या कडंवर ध्यान ठेवा. बोटं येत्यात मागनं.” आली. दहा वळून होईपर्यंत त्या चकार शब्द काढत नसत. मग एक उचलून उलगडून दाखवत आणि परत गप्प. आधी कोणतं बोट दुमडता, असं मी एकदा मास्तरकीनं विचारलं. त्या क्षणभर स्वतःच्या हाताकडं बघत राहिल्या आणि तीस वर्षांत पहिल्यांदा त्यांची बिडी वाकडी झाली. त्यानंतर प्रश्न विचारायला बंदी. संध्याकाळी मी हट्टानं आणखी वळायला लागलो तर सूप ओढून घेत. “बास आता. जावा, झोपा. हाताला रातचं कळतंय.” आणि खरंच, आदल्या दिवशी अडलेलं सकाळी आपोआप सुटलेलं असायचं. हे सगळं तुला फोनवर सांगितलं तेव्हा तू हुरळून म्हणालास की तुमच्या पुस्तकात अगदी हेच प्रयोगांनी सिद्ध झालंय. ऐकून बरं वाटलं. राजाबाईंना कळवलं. त्या म्हणाल्या, पोरगं हुशार हाय.

आता दुर्घटना. पाचव्या आठवड्यात माझ्या पंचवीस बिड्या अशा जमल्या, की अभिमानानं त्यांची जुडी बांधून राजाबाईंच्या सुपात ठेवली. त्यांनी बघावी म्हणून. त्यांच्या सुनेनं ती बाकीच्या मालाबरोबर कारखान्यात नेली. माल तपासणाऱ्या चेकरनं नेमकी तीच जुडी उघडून एक बिडी चुरगळली आणि टेबलावर रवा पडला. ‘नाष्टा इथंच करायचा ठरलाय काय?’ असं त्यानं सगळ्या बायांसमोर विचारलं, म्हणे. ती जुडी बाद झाली आणि राजाबाईंचा दिवसभराचा सगळा माल उलगडून तपासला. तीस वर्षांत त्यांची एक जुडी परत आली नव्हती.

मी क्षमा मागायला गेलो. राजाबाई पान कातरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “सर, बिडी गोल झालती तुमची. फोडल्याबिगर चेकरला कळली न्हाय.”

एवढंच. दुसऱ्या दिवशी दहावीच्या वर्गात, नवे सर दारात उभे असताना, मी खडू उचलला. बोटांकडं बघितलं नाही. वर्तुळ निघालं. किंचित लांबट आहे, अंड्याच्या घराण्यातलं, पण सुरुवातीचं टोक शेवटाला मिळालं. मागच्या बाकावरनं कुणीतरी टाळी वाजवली आणि मी त्याला शिस्तीखातर उभं केलं. आज सकाळी साती गुंड्या स्वतः लावल्या. मामी सवयीनं दारात येऊन उभी होती. जरा नाराज झाल्यासारखी वाटली.

मोरीत पाडलंस, त्याबद्दलही तुझा ऋणी आहे. आईला नमस्कार सांग.

तुझा,
भुजबली मामा

ता. क. : पत्र लिहिण्याचं खरं कारण राहिलंच. शिकवणीचं काही घ्यायला राजाबाई तयार नाहीत. एकदाच म्हणाल्या होत्या, की दिवेलागणीला मान वर होत नाही. सुट्टीत येशील तेव्हा व्यायामाचे कागद, चेंडू काही आणू नकोस. दोन दिवस त्यांच्या कट्ट्यावर नुसता बसून त्या बसतात कशा ते बघ आणि मगच काय ते सांग. एका पायावर उभं राहायला मात्र सांगू नकोस.

ता. ता. क. : येत्या एकतीस मेलाही भाषण करणार आहे. तंबाखू वाईटच. फक्त फेरी दुसऱ्या गल्लीनं नेईन.

आणखी एक, मामीला न सांगता : काल राजाबाईंच्या सुपात पंचवीसांची एक जुडी ठेवून आलो. यात रवा नव्हता. चेकरनं घेतली. रात्री तीनदा हात धुतले, पण वास गेलेला नाही. हा कागद नाकाशी धरून बघ.