घरचं काहीतरी

४ ऑक्टोबर

पोचले एकदाची! बस वळणावर थांबली, लालपिवळ्या झाडांमधून घर दिसलं आणि शाळेच्या सहलीला आल्यासारखं वाटलं. एका लाकडाच्या व्यापाऱ्याचं हे जुनं घर. पानगळीच्या दिवसांत लोक पोराबाळांसकट सहलीला येतात, आधी घर बघतात, मग शेजारच्या शेतावर ट्रॉलीतून चक्कर मारतात, बदकांना दाणे टाकतात आणि जाताना भोपळे उचलून नेतात. घर दाखवायचं काम माझं. राहायला स्वयंपाकघरावरची खोली आहे. खिडकीतून सगळं शेत दिसतं.

लेक फोनवर वैतागलीच. या वयात कसली नोकरी, माझ्याकडे ये की मुकाट्याने, म्हणाली. तिला कसं सांगू? तिच्या घरी काय नि माझ्या घरी काय, जिथे बघावं तिथे हे असतात. ह्यांना जाऊन वर्ष झालं, तरी चहाला दोन कप मांडते मी. लग्न झाल्यापासून ह्यांचं नाव कधी घेतलं नाही. कॉन्व्हेंटात सिस्टरांकडे शिकलेली बाई आणि नवऱ्याला नुसतं ‘हे’ म्हणते, असं चिडवायचे. कुठल्याही खोलीत शिरण्याआधी खाकरायचे. स्वतःच्या घरात! कुणी दचकू नये म्हणून.

इथे कुणी खाकरत नाही. बरं वाटतंय.

५ ऑक्टोबर

सकाळची फेरी पार आपटली. टेबल शिसवी, घड्याळ बंद, छत नक्षीचं... लोक जांभया देत होते. एक आजोबा खुर्चीकडे आशाळभूतपणे बघत होते, तर तिच्यापुढे दोरी बांधलेली. व्यवस्थापक मुलगी (चिमणीएवढी आहे, पण सगळ्यांना नाचवते) म्हणाली, मावशी, लोकांना लाकूड नको असतं हो, माणसं हवी असतात. काहीतरी घरचं सांगत जा ना.

तिला म्हणायचं होतं, या घरचं. पण दुपारी अभ्यासिकेच्या दाराशी माझ्या तोंडून आमच्याच घरचं निघून गेलं. म्हटलं, मालक आत यायच्या आधी खाकरायचे बरं का. सगळे हसले. एका बाईने नवऱ्याला कोपर मारून म्हटलं, शिका जरा, तुम्ही तर भुतासारखे उगवता. मलाही हसू आलं. किती हलकं वाटलं.

११ ऑक्टोबर

आज अभ्यासिकेच्या दारावर हात ठेवला आणि आतून कुणीतरी खाकरलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. व्यवस्थापक मुलगी खूश. मावशी, टेप लावलीत का, झकास, म्हणाली. मी कसलीही टेप लावलेली नाही. आत कुणी नव्हतं.

संध्याकाळी लेकीचा फोन. हसत सांगत होती, आई, मी पण हल्ली बाबांसारखी दारात खाकरते, पोरं हसतात. मी विचारलं, बाबा खाकरायचे? तिने हळूच विचारलं, आई, तू जेवलीस ना?

रोजनिशीचं पहिलं पान काढून पाहिलं. अक्षर माझंच, सिस्टरांनी छडी मारून वळवलेलं. पण वाचताना शेजारच्या बिऱ्हाडाबद्दल वाचतेय असं वाटलं. घाबरायला हवं होतं. चहाला मात्र एकच कप मांडला, आणि रडू आलं नाही. वर्षभरात पहिल्यांदाच.

१८ ऑक्टोबर

ह्यांची बेसूर शीळ सांगितली. चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधणं सांगितलं. आता जिन्यात शीळ ऐकू येते, आणि टेबलावर एक चष्मा आहे. लोक मित्रमंडळींना घेऊन पुन्हा येतात.

शेतावरच्या काकूंनी आज हाक मारून बसवलं. भोपळ्यावरची माती पुसत म्हणाल्या, तुमच्याआधी ते घर दाखवायची ना, ती दर शनिवारी तिकीट काढून येते. तपकिरी कोट, सगळ्यांच्या मागे. मी ओळखलं. माडीवरच्या मुलांच्या खोलीत ती चिमुकल्या लाल बुटांच्या जोडीपाशी थांबते, रडते, आणि माझ्याकडे कागदी रुमाल मागते. माफ करा हं, मला का रडू येतं कळत नाही, म्हणते.

काकू म्हणाल्या, तिला एकच मुलगा. न्यायला आला, तर त्याला म्हणाली, आपण कोण? आणि अहो, त्या व्यापाऱ्याला मूलबाळ कुठे होतं? ती खोली अडगळीची होती.

लेकीबद्दल चकार शब्द काढायचा नाही. ठरलं.

२५ ऑक्टोबर

ह्यांचं सगळं सांगून झालं. या पानांवरून कळतं की माणूस चांगला असावा.

एकच राहिलंय. हॉस्पिटलमधली ती सकाळ. चादरीच्या कडेवर काहीतरी शोधणारी बोटं, मग माझं मनगट सापडलं, मग बोटं सैल पडली. तेवढंच. ना शीळ, ना चष्मा, ना हसणं. चांगलं होतं ते सगळं वाटून बसले आणि हे एवढं माझ्याकडे ठेवलं. फार दुखतं.

२६ ऑक्टोबर

सांगितलं. निजायच्या खोलीत, पलंगापाशी. कुणी हललं नाही.

चादरीची कड आपोआप चुरगळली.

आता दुखत नाही. कुठेच काही नाही.

१ नोव्हेंबर

लेक उद्या येणार, मला न्यायला. बॅग भरून ठेव म्हणाली. भरली. फोनवर रडत होती, बाबांना विसरलीस म्हणून. तिचं रडणं टोचतं. एवढं एकच टोचतं अजून.

तिच्या गालाला खळी आहे. उजव्या. उजव्याच.

माडीवर एका लहान मुलीने विचारलं, इथे कोण राहायचं? मी ओठ मिटून —

नाही सांगितलं. नाही.

२ नोव्हेंबर

गर्दी. माडीवर बूट बघून कुणी विचारलं, यांना मुलगी होती का? सांगून टाकलं. शाळेत निघालेली, फाटकापर्यंत जायची नि परत पळत यायची, पुन्हा एकदा आईच्या कुशीत शिरायला. खळी पडायची गालाला.

छान गोष्ट आहे. लोक गहिवरले. मागे निळ्या कोटातली एक बाई फारच रडली. कागदी रुमाल दिला.

नंतर पाहिलं, बुटांशेजारी दप्तर —

ती बाई आता माझ्या खोलीत बसली आहे. मला आई म्हणते. कुणाची तरी चुकामूक झाली असेल. चल, आपण घरी जाऊ, म्हणते. घरीच तर आहे मी.

दाराबाहेर कुणीतरी खाकरलं. ती पांढरीफटक पडली. मी नाही दचकले. चांगली सवय आहे ज्याची आहे त्याची —

माझा हात धरलाय तिने. डाव्या हाताने लिहितेय. बाबांचं नाव सांग, म्हणते. एवढंच सांग आई, मग काही विचारत नाही.

सोपं आहे. इतकी वर्षं तेच तर म्हणत आले.

हे —